वहिनींच्या टॉवेलवरच्या पट्ट्या

आमच्या वहिनींना माणसं चेहऱ्यावरून कमी आणि कपड्यांवरून जास्त ओळखू येतात. समोरून कोणी आलं की त्या आधी कॉलर बघतात, मग बाह्या, आणि वेळ उरलाच तर चेहरा. माझ्या लग्नाच्या गोष्टी चालल्या होत्या तेव्हा मुलीच्या घरून परत येताना सगळे तिच्या शिक्षणाबद्दल बोलत होते. वहिनी म्हणाल्या, "माणसं चांगली वाटतात. टेबलक्लॉथला कडेपर्यंत इस्त्री होती." ते लग्न पुढे जमलं नाही, पण त्यात टेबलक्लॉथचा काही दोष नव्हता.

मी त्यांचा धाकटा दीर. पंखे, मिक्सर, रेडिओ, लोकांनी आधी स्वतः उघडून बिघडवलेले मोबाइल, असं सगळं दुरुस्त करायचं माझं छोटं दुकान आहे. दुकानाच्या वर आम्ही तिघं राहतो: मी, वहिनी आणि माझा थोरला भाऊ. दादा बस चालवतो आणि घरी आल्यावर बोलत नाही. दिवसभर हॉर्न वाजवून त्याचं बोलायचं भागत असावं. वहिनी मला तोंडावर "भाऊजी" म्हणतात आणि माझ्यामागे "कटकट्या", हे मला ठाऊक आहे. त्यांचं काही चुकत नाही. दिवसभर बिघडलेल्या वस्तूंशी संसार केल्यावर माणूस आणखी काय होणार?

वहिनी शाळा संपली तशी एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत लागल्या. वडील लवकर गेले होते, आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पाळ्या करायची, घरात दोघीच. दादाचा युनिफॉर्म त्याच लॉन्ड्रीत धुवायला जायचा. शर्टाचं तुटलेलं बटण न सांगता लावून यायचं, एवढ्यावर आमचा दादा गारद झाला. पुढे हॉटेल बंद पडलं आणि वहिनी एका वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात गेल्या. ते धुलाईघर इमारतीच्या मागे आहे. आत तीन मोठी मशीनं, एक ड्रायर, इस्त्रीचं लांब टेबल, आणि कायम घाम आलेली एक खिडकी. तिथे त्या राणीसारख्या वावरतात. कोणाची चादर कोणाच्या पलंगावर गेली असं त्यांच्या कारकिर्दीत झालेलं नाही. आजी-आजोबांच्या प्रत्येक कपड्याला त्या आतून रंगीत दोऱ्याचा टाका घालतात, ज्याचा त्याचा रंग ठरलेला.

काही वर्षांनी त्यांच्या आई स्वतःहून त्याच वृद्धाश्रमात राहायला आल्या. "तुमच्याकडे जिने फार आणि बोलणारं कोणी नाही," असं म्हणाल्या आणि बॅग भरली. त्यांचंही काही चुकलं नाही. या आजींनी जन्मभर कानाला हेडफोन लावून लोकांना "कृपया थांबा" म्हटलं. निवृत्त झाल्या आणि स्वतः थांबायचं सोडून दिलं. त्यांना वाद घातल्याशिवाय घास उतरत नाही. हे मी थट्टेने म्हणत नाही, तिथल्या डॉक्टरबाईंनीच एकदा वजनाच्या काट्याकडे बघत म्हटलं होतं. जेवणाच्या हॉलमध्ये त्यांच्यासमोर ट्रम्पेटकाका बसायचे. ते पोलिसांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, त्यामुळे कानांनी गेलेले आणि आवाजाने शाबूत. आजी म्हणायच्या, सूप खारट आहे. काका म्हणायचे, अळणी आहे. तेवढ्यात दोघांचं सूप संपलेलं असायचं.

मग साथ आली. वृद्धाश्रमाचं फाटक बंद झालं, हॉल बंद झाला, जो तो आपापल्या खोलीत. जेवणाचा ट्रे दाराशी ठेवायचा आणि निघायचं. बाकीच्यांनी कसंबसं निभावलं, पण टेलिफोनच्या आजींचा ट्रे भरलेला तसाच परत यायला लागला. धुलाईघरातल्या माणसांना राहणाऱ्यांच्या बाजूला जायला मनाई होती. वहिनी काम संपलं की अंगणाच्या या टोकाला उभ्या राहायच्या आणि आजी त्यांच्या व्हरांड्यात. आजी दिवसेंदिवस कमी बोलायला लागल्या. वहिनी घरी येऊन सांगायच्या, "आज आईने मला एकदाही टोकलं नाही," आणि पदराने डोळे पुसायच्या. आजींच्या ब्लाउजचं माप बदललं, बाही सैल झाली, हे वहिनींना लांबून दिसत होतं. 

वृद्धाश्रमाच्या डॉक्टरबाई एक दिवस माझ्या दुकानात आल्या. तरुण, घाईतल्या, पण नीट समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, इंटरनेटवर एका मनगटी पट्टीचा आराखडा आहे. ओपन सोर्स आहे, म्हणजे कुलूप नाही. कोणीही घ्यावा, बनवावा, आत काय चाललंय ते बघावं, हवं तर बदलावं, फक्त बदल केला तर बाकीच्यांना सांगावा. बटणाएवढी डबी असते. दोन डब्या जवळ आल्या की थरथरतात, आणि दिवसभरात कोण कोणाजवळ किती वेळ होतं त्याची बेरीज ठेवतात. उद्या कोणी आजारी पडलं तर सगळ्यांना कोंडायला नको, जे खरोखर जवळ होते तेवढ्यांनाच वेगळं ठेवायचं. "तुम्ही बनवाल का?" त्यांनी विचारलं. "मग मला हॉल उघडता येईल."

दुकान तसंही बंदच होतं. मी आठवडाभर डोळ्यांना भिंग लावून सोल्डरिंग करत बसलो, शिव्या देत. आराखडा करणाऱ्यांपैकी कोणी कुठे, कोणी कुठे, एकमेकांना न बघितलेली माणसं. मी काही विचारलं की जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून उत्तर यायचं, आणि वर "जेवलात का" असंही कोणीतरी विचारायचं. मला हे आवडलं, पण मी तसं कोणाला सांगितलं नाही.

आराखड्यात पट्टी रबराची होती. म्हाताऱ्या मनगटांवर रबराने पुरळ उठलं. वहिनींनी जुन्या अभ्र्यांच्या मऊ कापडाच्या पट्ट्या शिवल्या, डबी बसायला छोटा खिसा, आणि आतून ज्याच्या त्याच्या रंगाचा टाका. कापड म्हटलं की धुणं आलं. रोज संध्याकाळी राहणाऱ्यांच्या आणि नोकरांच्या सगळ्या पट्ट्या टोपलीतून धुलाईघरात यायच्या, सकाळी धुतलेल्या, इस्त्री केलेल्या परत जायच्या. पट्टीला इस्त्री कशाला, असं मी विचारलं. वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

हॉल उघडला. लांब लांब मांडलेली टेबलं, एकेका टेबलावर दोघंच, समोरासमोर, मधे लाकडी फळीची लांबी. आजींनी पहिल्याच दिवशी काकांना सांगितलं की ट्रम्पेट हे वाद्य नसून भोंगा आहे. काकांनी चमचा आपटला. दोघांचे ट्रे रिकामे परत आले. त्या संध्याकाळी वहिनी घरी आल्या त्या गुणगुणत, आणि दादा आपणहून एक अख्खं वाक्य बोलला.

असे बरेच चांगले दिवस गेले. मग आचारी आजारी पडला. आचाऱ्याला खोकला झाला, तपासणी झाली, आजार तोच निघाला. तो घरी गेला, पुढे बराही झाला. डॉक्टरबाईंनी पट्ट्यांची नोंद कॉम्प्युटरवर उघडली आणि कपाळाला हात लावला. आचारी रोज सगळ्यांच्या जवळ होता. एकूण एक आजी, एकूण एक आजोबा, माळी, शिपाई, सगळ्यांच्या जवळ, आणि तेही तासन्‌तास. नियम सरळ होता. जवळ आलेला प्रत्येक जण वेगळा. कामाला दुसरी माणसं नव्हती म्हणून नोकरांना मास्क लावून काम करायला सांगितलं, पण राहणारे सगळे पुन्हा आपापल्या खोलीत. दारं बंद. आजींचा ट्रे दुसऱ्याच दिवशी भरलेला परत आला.

"भाऊजी, तुमच्या यंत्रात काहीतरी गडबड आहे," वहिनी म्हणाल्या.

"माझ्या यंत्रात काही गडबड नाही. तुमचा आचारी जरा जास्तच मनमिळाऊ असेल."

"तो गुडघ्यांनी अधू आहे. स्वयंपाकघराच्या बाहेर पडत नाही तो. माळ्याजवळ तासन्‌तास काय करेल?"

"मला काय माहीत? गुलाब बघत असेल."

वहिनींनी आमटीचं भांडं माझ्यासमोर जरा जोरातच ठेवलं. "आई परत काही खात नाहीये. मागच्या वेळी ती तब्येतीवर निभावली. या वेळी अंगात काही उरलेलं नाही तिच्या."

हे ऐकून माझी कटकट बंद झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंकडून सगळी नोंद मागून घेतली आणि बघत बसलो. कुलूप नव्हतं हे बरं होतं. विकतचं बंद खोकं असतं तर फक्त लाल दिवा दिसला असता आणि गप्प बसावं लागलं असतं. इथे एकेक आकडा समोर होता. बघता बघता मला एक गोष्ट दिसली आणि मी खुर्चीतच ताठ झालो. मी दोन पट्ट्या जास्तीच्या करून ठेवल्या होत्या, एखादी बिघडली तर असाव्यात म्हणून. त्या कोणाच्याच हातात नव्हत्या. आणि नोंदीप्रमाणे त्याही आचाऱ्याला रोज तासन्‌तास भेटत होत्या.

मी तडक वृद्धाश्रमात गेलो. मास्क लावून धुलाईघराच्या दारात उभा राहिलो आणि विचारलं, "वहिनी, पट्ट्या धुता तेव्हा डब्या कुठे ठेवता?"

त्यांचा चेहरा खुलला. इतक्या दिवसांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. पुन्हा खोल्या बंद झाल्यापासून डब्या त्यांच्याकडेच पडून होत्या; त्यांनी कपाट उघडलं आणि स्टीलचा मोठा ट्रे बाहेर काढला. त्यावर पांढराशुभ्र टॉवेल, आणि टॉवेलवर डब्यांच्या रांगा, एकीला एक लागून, चार्जिंगच्या वायरी केसांसारख्या विंचरलेल्या. "सगळ्या एका ठिकाणी. एकही हरवत नाही," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी ड्रायर बंद केला की ठेवते, सकाळी पहिलं मशीन लावायच्या आधी काढते. आचाऱ्याची इथे, माझी इथे, आणि या तुमच्या दोन रिकाम्या कोपऱ्यात, दिवसा त्या डॉक्टरबाईंच्या कपाटात असायच्या."

मला हसू आवरेना. माणसं आपापल्या खोलीत झोपत होती आणि त्यांच्या डब्या रात्रभर एका टॉवेलवर खेटून मेळावा भरवत होत्या. चार्जिंगला लावलेली डबी थरथरत नाही, मोजत मात्र राहते. आराखड्यात स्पष्ट लिहिलं होतं की रात्री पट्टी ज्याची त्याच्या खोलीत ठेवावी. पण आराखडा करणाऱ्यांनी रबराची पट्टी धरली होती. कापडाची पट्टी आणि आमच्या वहिनी त्यांनी धरल्या नव्हत्या.

वहिनींना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी टॉवेलकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे आईला मी कोंडलं?" त्या इस्त्रीच्या टेबलाला टेकल्या. मी म्हटलं, "तुम्ही नाही, टॉवेलने." त्या हसल्या नाहीत. हात पुसले, ट्रे उचलला आणि सरळ डॉक्टरबाईंच्या खोलीच्या दाराशी जाऊन जे होतं ते सांगितलं. डॉक्टरबाई मास्कच्या आत इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा धुक्याने भरला.

पुढचं सोपं होतं. डब्या फक्त बेरीज ठेवत होत्या, रात्रीचं आणि दिवसाचं वेगळं सांगत नव्हत्या. पण वहिनींची ट्रे ठेवायची आणि काढायची वेळ कधी चुकली नव्हती, आणि माझ्या दोन रिकाम्या डब्यांनी आचाऱ्याला फक्त ट्रेमध्येच बघितलं होतं. त्यांचा आकडा म्हणजे निव्वळ टॉवेलवरचा सहवास. तेवढा प्रत्येकाच्या आकड्यातून वजा करायचा. डॉक्टरबाई आणि मी अंगणात लांब लांब खुर्च्या टाकून वजाबाक्या करत बसलो. माळी सुटला. शिपाई सुटला. आजी सुटल्या, काका सुटले, राहणारे सगळेच सुटले. उरले स्वयंपाकघरातले दोघं मदतनीस, आणि आणखी एक आकडा, जो शून्य व्हायला तयार नव्हता. मी परत वजा केला. डॉक्टरबाईंनी परत केला.

वहिनी ड्रायरजवळ घड्या घालत होत्या. मी दारातून विचारलं, "आचारी इथे यायचा?"

"यायचा की. दुपारी चहा घेऊन. बादली पालथी घालून बसायचा आणि गुडघ्यांचं सांगायचा. बिचाऱ्याला ऐकणारं कोणी नाही."

"आणि पट्टी थरथरत नव्हती?"

"भाऊजी, मी त्या वेळी मशीनला टेकलेली असते. मशीन पिळायला लागलं की मी आख्खी थरथरते. त्यात तुमची पट्टी कुठे कळणार?"  हातातल्या चादरीची घडी त्यांनी शेवटपर्यंत नीट घातली आणि ढिगावर ठेवली. "मी आहे का त्यात?"

"आहात."

"आणि आई?"

"नाही. तुमच्यापासूनही नाही. तुम्ही अंगणाच्या या टोकाला असायचात, तुमच्या दोघींच्या आकड्यात टॉवेलशिवाय काही नाही."

"मग हॉल उघडेल?"

"उद्या दुपारी."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून लगेच सांगायला लागल्या की पांढरे कपडे आणि रंगीत कपडे एकत्र घालायचे नाहीत. धुलाईघर कोणाच्या गळ्यात पडणार हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं.

वहिनींना वृद्धाश्रमाच्याच वरच्या मजल्यावरच्या सामानाच्या खोलीत ठेवलं. मोडक्या खुर्च्या हलवून तिथे एक पलंग टाकला. खिडकीतून अंगणापलीकडे जेवणाचा हॉल दिसायचा. आजींना सांगितलं की धुलाईघरात काम फार आहे, मुलीला यायला जमणार नाही. मी म्हटलं, खरं सांगू या, त्या खिडकीकडे बघतील, तुम्हालाही बरं वाटेल. वहिनी म्हणाल्या, "मुळीच नाही. तिला कळलं तर ती जेवण सोडून इकडेच बघत बसेल. मी चांगली ओळखते तिला."

पण हॉल उघडला तरी आजी जेवेनात. काकांसमोर नुसत्या बसायच्या. काका काहीतरी ओरडून सांगायचे, त्या मान हलवायच्या. एखादा चमचा सूप, की ट्रे बाजूला. वहिनी खिडकीतून बघायच्या आणि फोनवर मला सांगायच्या, आणि मी धुलाईघरात वाफेत उभा राहून ऐकायचो. माझे तिथले प्रताप सांगत नाही. काही आजोबांचे बनियन गुलाबी झाले एवढं पुरे.

मग एक दिवस वहिनींचा चिडलेला फोन आला. "भाऊजी, अभ्रा साबणाशिवाय धुतलात का? कसलाच वास येत नाही." मी शपथेवर सांगितलं की साबण घातला होता, नेहमीपेक्षा जास्तच.  दोघांनाही एकदमच समजलं. ज्या बाईला बंद दारातून कळायचं साबणाचं कोणतं पाकीट उघडलंय, तिला साबणाचा वास येत नव्हता. तपासणी झाली. ताप आला, अंग दुखलं, पण छातीत काही उतरलं नाही. दादा रोज बस लावून आला की फाटकाबाहेर उभा राहून वर हात हलवायचा. ती वजाबाकी झाली नसती तर वहिनी खाली वावरत राहिल्या असत्या, अंगणात आईला भेटत, सगळ्यांचे अभ्रे हाताळत. मी तो विचार करायचो आणि मशीनपाशी माझे हात थांबायचे.

ताप उतरला त्या दुपारी फोन वाजला. मी ओल्या चादरी काढत होतो. फोन खांद्यात धरला.

"आई आज चिडलीय," वहिनी म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण त्यात धार होती. "बोट नाचवतेय. काका उभे राहिलेत. आता तिने त्यांना खाली बसायला लावलं. आता चमचा घेतला. बोलतेय, बोलतेय... घास घेतला. परत बोलतेय. भाऊजी, तिचं सूप संपलं."

"झालं तर मग."

"थांबा हो. बटाटेही संपले. आता ती वाटी पुढे करतेय. त्या मुलीला सांगतेय काहीतरी. परत वाढायला लावतेय."

 मग मला त्यांचा श्वास ऐकू आला, आणि तो रडताना येतो तसा होता.

"आता रडता कशाला? जेवल्या ना?"

"जेवली. वाटी पुसून खाल्ली." त्यांनी नाक ओढलं. "मी गेल्या आठवड्यापासून इथे बसलेय. तिने आज एकदाही अंगणाकडे बघितलं नाही हो. एकदाही नाही. इतकी रमलीय."

मला वाटलं त्यांना वाईट वाटतंय, म्हणून मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. पण त्या ऐकतच नव्हत्या. त्या हसत होत्या, आणि मला सांगत होत्या की आता काकांचा राग गेला, आता दोघं एकदमच बोलतायत, आणि आईला आता मुलीची आठवणसुद्धा नाही.